साडेचौदा पौंड

वर्लीन गॅडिसच्या ओसरीवर बावीस वर्षं दर मार्चमध्ये कुणी ना कुणी रडत आलं आहे. आम्हा डकेट खिंडीतल्या लोकांना त्याचं आताशा काही वाटत नाही. स्प्रिंगर डोंगरावरून निघून पार उत्तरेच्या टोकाला मेन राज्यापर्यंत बावीसशे मैल चालत जायचं म्हणून जी माणसं घर सोडतात, ती चौथ्या दिवशी तिच्या दारात येतात, कारण वाट तिच्या कुंपणाला घासूनच जाते. तीस मैलांतच त्यांची रया गेलेली असते. खांदे सोललेले, टाचा फुटलेल्या आणि पाठीवर अख्खा संसार. वर्लीन आधी त्यांना घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव पोटभर वाढते. ताट रिकामं झालं की म्हणते, "आता ती सॅक काट्यावर ठेव, राजा." रडणं सुरू होतं ते त्यानंतर.

काटा तिच्या सासऱ्याच्या बियाण्याच्या दुकानातला. खाली लोखंडी फळी, वर पितळी दांडी, दांडीवर सरकतं वजन. दुकान गेलं, सासरा गेला, काटा तेवढा ओसरीवर राहिला. वजन झालं की वर्लीन सॅक उघडते, एकेक वस्तू लांब टेबलावर मांडते आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते, "हे कुणासाठी?" उत्तर पटलं तर वस्तू परत सॅकमध्ये. नाही पटलं तर खोक्यात. ते खोकं तिचा नवरा हार्मन चिकटपट्टी लावून टपालात नेऊन टाकतो. ज्यांना घरी पाठवायचंही जिवावर येतं, त्यांच्यासाठी कोपऱ्यात फुकटपेटी आहे. नको ते टाका, हवं ते उचला.

काही जण पुस्तकं वाचून येतात. वजन वाचवायचं म्हणून टूथब्रशचा दांडा अर्ध्यात कापलेला असतो आणि सॅकमध्ये चार जीन्स. असलं काही दिसलं की वर्लीनचं तोंड सुटतं. "दांडा कशाला कापलास? दाढा उपटून यायचं होतंस, त्या जास्त जड असतात!" अर्ध्या दांड्याचे ब्रश वापरणाऱ्यांना तिने इतकं छळलं आहे की खिंडीतली सगळी माणसं ब्रश म्हटलं की हसतात.

तशी ती काही डोंगर चढणारी बाई नव्हे. याच खोऱ्यात जन्मली, इथल्याच कापडगिरणीत एकोणीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवल्या. गिरणी बंद पडली त्याच वसंतात एक वाटसरू तिच्या पायरीवर आडवा झाला. त्याच्या पाठीवर साठ पौंड होते. तिने त्याला पाणी पाजलं, सॅक उघडली, आतली चार पौंडांची दुर्बीण बघून म्हणाली, "काय रे, चंद्रावर कुणी ओळखीचं आहे का?" तिथून हे सुरू झालं. वरच्या खोलीत दुमजली खाटा टाकल्या आणि गॅडिसचं घर वाटसरूंचं मुक्कामघर झालं. लग्न झालेलं असूनही सगळे तिला मिस वर्लीन म्हणतात, आमच्याकडची ती आदराची रीत. हार्मन कमी बोलणारा. त्याच्या उजव्या खिशात चाळीस वर्षं बकआय नावाच्या झाडाची एक बी होती. आमच्याकडचे जुने लोक ती तपकिरी, गोटीसारखी बी खिशात बाळगतात. सांधे धरत नाहीत म्हणे. हार्मनला काळजी वाटली की हात खिशात जातो आणि बी बोटांत फिरायला लागते. चाळीस वर्षांत ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती.

गेल्या सालच्या मार्चमध्ये रे कोझिन्स्की नावाचा टोलेडोचा माणूस आला. छत्तीस वर्षं शहरात बस चालवून निवृत्त झालेला, दाराएवढा रुंद. सॅक सत्तावन्न पौंड.

"अरे देवा," वर्लीन म्हणाली. "बसमधले उतारूही बरोबर आणलेस की काय?"

पहिली निघाली कुऱ्हाड.

"ही कुणासाठी?"

"अस्वल आलं तर."

"अस्वलाला लाकडं फोडायला देणार आहेस?"

मग तीन जीन्स. रे म्हणाला, गावात उतरलो तर जरा बरं दिसावं. वर्लीन म्हणाली, "कुणाला?" रेने तिन्ही जीन्स स्वतःच खोक्यात टाकल्या. मग निघाला बिडाचा तवा, चांगला पाच पौंडांचा. बाहेरचं खाऊन पोट बिघडतं असं बायकोचं म्हणणं होतं.

"मग हा तवा बायकोसाठी आहे," वर्लीन म्हणाली. "तिलाच पाठवू. हार्मन, मोठं खोकं आण रे."

एकतीस पौंडांवर काटा आला तेव्हा रे लहान मुलासारखा हसला. बुटाची नाडी बांधता बांधता त्याने सहज विचारलं, "मिस वर्लीन, तुम्ही कितीदा गेलात मेनला?"

"मी? मी कशाला जाऊ? इथली कामं कोण करेल?"

"एकदा तरी?"

"पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेलेय. पाच मैल. एकाचा चष्मा राहिला होता, तो द्यायला."

रे हसला असता तर बरं झालं असतं. तिने त्याला दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. तो हसला नाही. तिच्याकडे बघत खरंच न कळल्यासारखं म्हणाला, "मग हे सगळं तुम्ही शिकलात कुणासाठी?"

वर्लीनने त्याची सॅक उगाचच पुन्हा काट्यावर ठेवली. ओसरीवर असं पहिल्यांदाच झालं. हार्मनच्या हातातली चिकटपट्टी अर्ध्यावर थांबली होती.

ऑक्टोबरमध्ये टोलेडोहून रेचं कार्ड आलं. "मेन गाठलं आणि घरी आलो. बायको त्याच तव्यावर धिरडी घालून वाट बघत होती. तुम्ही कधी निघताय?" वर्लीनने ते फ्रिजवर लावलं. चार दिवस येता-जाता वाचलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी जेवताना म्हणाली, "मी मार्चमध्ये जातेय."

"कुठं?" हार्मनने विचारलं.

"मेनला."

"आणि परत?"

"सप्टेंबर धर."

हार्मनने चमचा खाली ठेवला. हात खिशात गेला. "वर्ली, मला एकट्याला जेवता येत नाही. तुला ठाऊक आहे."

ते खरंच होतं. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात वर्लीन एकदाच नऊ दिवस बाहेर राहिली होती, बहिणीच्या ऑपरेशनला. त्या नऊ दिवसांत हार्मनने टेबलावर ताट मांडलं नाही. सिंकपाशी उभं राहून डब्यातला थंड घेवडा खाल्ला. तिला त्याची दया आली, पण ती हटली नाही. "मी सहासष्टची आहे, हार्मन. पुढच्या वर्षी सदुसष्टची होईन. हे काही उलटं चालायचं नाही."

अडचण होती ती उजव्या गुडघ्याची. एकोणीस वर्षं शिलाई मशीनच्या पायपट्टीवर गेलेला गुडघा. डॉक्टरने सगळं तपासून सांगितलं, "चाला, चालणं चांगलंच. पण पाठीवर पंधरा पौंड, बस्स. सोळावा पौंड थेट गुडघ्यात उतरेल. आणि सूज आली की थांबायचं."

गाडीत बसल्यावर हार्मनने इंजिन सुरूच केलं नाही. समोर बघत म्हणाला, "आपण पैज लावू. तू स्प्रिंगरपासून निघ. चार दिवसांनी आपल्याच दारात येशील. गुडघा धड असला तर खुशाल जा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. सुजून आलीस तर इथंच थांबायचं. कबूल?"

"कबूल," वर्लीन म्हणाली आणि घोडा विकत घेतल्यासारखा दोघांनी हात मिळवला.

मग हिवाळाभर ती बाई जी कामाला लागली! सॅक तिने स्वतः शिवली, पॅराशूटसारख्या पातळ कापडाची. ती भरली बारा औंस. पांघरूण शिवलं, त्याची खालची बाजू काढून टाकली, कारण अंगाखाली दबलेलं कापड ऊब देत नाही. तंबू नाही, नुसती ताडपत्री, तीही हातातल्या काठ्यांवर ताणायची. एक भांडं, एक चमचा. कपड्यांचा एक जोड अंगावर, एक झोपताना घालायचा. स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर मोजेसुद्धा तोलले. डाव्या पायाचा मोजा उजव्यापेक्षा जड निघाला तेव्हा तिने त्यातला लोंबता धागा ओढून काढला. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी चार दिवसांचं खाणं आणि पाण्याची भरलेली बाटली धरून सॅक ओसरीवरच्या काट्यावर ठेवली. साडेचौदा पौंड. अशी सॅक त्या काट्याने बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

आणि मग रविवार उजाडला.

आमच्याकडे एक चाल आहे. नवा पाद्री आला, नवं जोडपं राहायला आलं, कुणाचं घर जळलं, की चर्चमधलं प्रत्येक घर त्यांना एकेक पौंड शिधा देतं. पीठ, साखर, कॉफी, ज्याला जे जमेल ते, पण मोजून पौंडभर. पाद्री ब्रदर कॉय नऊ वर्षांपूर्वी आले तेव्हा आम्ही कुणी एकमेकांना न विचारल्यामुळे त्यांना अकरा पौंड साखर मिळाली होती. शिधा नाकारायचा नसतो. नाकारणं म्हणजे तुमच्या घरचं आम्हाला चालत नाही, असं तोंडावर सांगणं.

त्या रविवारी प्रार्थना संपली आणि ब्रदर कॉय म्हणाले, "आपली वर्लीन लांबच्या प्रवासाला निघालीय. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?" आणि बारा घरं उठून उभी राहिली.

आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. जी बाई बावीस वर्षं लोकांच्या पाठीवरचे पौंड उतरवते तिला आम्ही पौंडाने शिधा देत होतो. डोव्ही पेनने मक्याचं पीठ आणलं. स्टेमी मंडळींनी धुरावलेलं सॉसेज. कुणी वाळवलेली सफरचंदं, कुणी घेवडा, कुणी भाजलेले शेंगदाणे, कुणी कॉफी. वर्लीनची धाकटी बहीण नेल्डा, जिला दोन गोष्टींत कुणी हरवू शकत नाही, एक काकवी आणि दुसरी जीभ, तिने गोड ज्वारीच्या ताटांची घरची काकवी आणली, काचेच्या बरणीत.

"प्लास्टिकमध्ये चव जाते," नेल्डा म्हणाली. "आणि बघ हं, कुणा वाटेवरच्या पोराला देऊन टाकशील. मी ओळखते तुला. ही तुझ्यासाठी आहे."

ब्रदर कॉय यांनी मोठ्या अक्षरांचं बायबल दिलं, अडीच पौंडांचं. "देवाच्या शब्दाचं वजन धरत नाहीत, मिस वर्लीन," ते हसत म्हणाले.

काट्याला हे माहीत नव्हतं. परक्या माणसाच्या सॅकमधून त्याच्या आईने विणलेला स्वेटर न कचरता काढणारी वर्लीन तिथं चर्चच्या पायरीवर प्रत्येकाला मिठी मारत होती आणि "कशाला गं एवढं" म्हणत एकेक पुडकं घेत होती. आपल्या माणसांपुढे तिने "हे कुणासाठी?" एकदाही विचारलं नाही. हार्मन गाडीपाशी उभा राहून बघत होता. त्याचा हात खिशात होता, पण त्या दिवशी बी फिरत नव्हती.

सोमवारी सकाळी सॅक एकोणतीस पौंडांची होती. ती हार्मननेच उचलून पिकअपमध्ये ठेवली. उचलताना हाताला काय ते कळलं असणारच, पण तो काही बोलला नाही. वर्लीनच्या मनात होतं, सात-आठ पुडकी गाडीतच विसरल्यासारखी ठेवावीत. पण निरोप द्यायला नेल्डा बरोबर निघाली आणि दोघांच्या मधे बसली. "काकवी सरळ ठेवलीस ना? आडवी ठेवलीस तर झाकणातून गळते," एवढं ती दीड तासात चार वेळा म्हणाली.

पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी उतारावर गुडघ्याने पहिली हाक दिली. वर्लीनने शेंगदाणे खाल्ले, सफरचंदं खाल्ली, रात्री वाटेवरच्या निवाऱ्यात उतरलेल्या वाटसरूंना सॉसेज देऊ केलं. पण दुसऱ्या दिवशी कुणालाच जादा वजन नको असतं, सगळ्यांचे स्वतःचेच डबे भरलेले. एक पोरगी तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही त्याच मिस वर्लीन ना? पुढच्या खिंडीतल्या? सगळे म्हणतात तुम्ही भयंकर आहात. म्हणजे, चांगल्या अर्थाने."

"तीच मी."

"मग तुमच्या सॅकमध्ये काचेची बरणी कशी?"

"बहिणीची आहे," वर्लीन म्हणाली आणि तोंड फिरवून झोपली. अंधारात तिला स्वतःची लाज वाटली. पीठ झाडीत ओतून देता आलं असतं, बघायला कोण होतं? पण डोव्हीने ते पीठ स्वतःच्या हाताने चाळलं होतं. हात होईना.

तिसऱ्या दिवशी गुडघा भरून आला. चौथ्या दिवशी तो वाकेना. तिने शेवटचे दोन मैल चढताना एकच मोजणी चालवली होती, आता मेन किती लांब राहिलं याची नव्हे, तर हार्मनला काय सांगायचं याची.

दुपारी बाराच्या सुमारास कुंपण दिसलं. ओसरीवर हार्मन बसला होता. शेवटची शंभर पावलं वर्लीन ताठ चालली. पण बावीस वर्षं माणसं लंगडत येताना बघितलेल्या माणसाला काय फसवणार?

"दाखव," तो म्हणाला.

ती पायरीवर बसली आणि पॅन्टचा पाय वर केला. गुडघा दुप्पट झाला होता.

"सुजलाय," हार्मन म्हणाला.

"दिसतंय मला. डोळे नाही सुजलेले."

तिने पॅन्टचा पाय खाली ओढला. मग वर्लीन म्हणाली, "हात मिळवला होता. हरले मी. सॅक आत ठेव." आणि ती रडायला लागली, मोठ्याने, नाक गळेपर्यंत. ज्या पायरीवर तिने इतक्यांना रुमाल दिला होता, तिथं आज तिला रुमाल द्यायला कुणी नव्हतं. हार्मनने आपल्या सदऱ्याची बाही पुढे केली.

मग तो उठला. सॅक उचलली. ती आत न नेता काट्यावर ठेवली आणि वजन सरकवत राहिला. "चार दिवस खाऊनही पंचवीस."

"मोजून काय करतोस आता?"

"वर्ली," हार्मन म्हणाला, "मला रविवारीच कळलं होतं. चर्चच्या पायरीवरच. तुझ्या हातात एकेक पुडकं पडत होतं आणि मी मनात बेरीज करत होतो. म्हटलं, बरं झालं. चार दिवसांत परत येते. सोमवारी सॅक उचलली तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो."

वर्लीनने त्याच्याकडे बघितलं. "लबाड म्हातारा."

"आहे. आणि चार दिवस सिंकपाशी उभं राहून घेवडा खाल्ला. जिंकणार हे ठाऊक असूनही घशाखाली उतरेना." त्याने सॅकची दोरी सोडली. "पैज डॉक्टरच्या पंधरा पौंडांवर लागली होती. ही मोजायची नाही. सूज उतरली की इथूनच पुढे निघ. आता गप्प बस आणि मला हे करू दे. मी आधी कधी केलेलं नाही."

खरंच, बावीस वर्षांत त्याने नुसती खोकी बांधली होती, कुणाची सॅक उघडली नव्हती. त्याची जाड बोटं पातळ कापडात अडखळत होती. पहिली बरणी निघाली.

"ही कुणासाठी?" त्याने विचारलं. अगदी तिच्याच सुरात.

वर्लीनला रडता रडता हसू आलं. "नेल्डासाठी."

"हे पीठ?"

"डोव्हीसाठी."

"सॉसेज?"

"स्टेमींच्या सुनेसाठी. तिला वाईट वाटलं असतं."

"आणि हा ग्रंथ?"

"ब्रदर कॉयसाठी."

टेबल भरलं. सॅक रिकामी होत होत पुन्हा तिने शिवली होती तशी झाली. वर्लीन म्हणाली, "पण हे परत कुठल्या तोंडाने द्यायचं?"

"परत कोण देतंय?" हार्मन म्हणाला. "खाऊ."

त्याने स्वतः बारा घरांना फोन केले, हीच एक बातमी झाली. चाळीस वर्षांत हार्मन गॅडिसने आपणहून फोन केल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे सगळे धावत आले. वाटसरू अकरा होते. घेवडा शिजला, सॉसेज तळलं, डोव्हीच्या पिठाचे पाव निघाले, आणि सगळ्यांच्या मधे काकवीची बरणी. वर्लीन पाय उंच ठेवून, गुडघ्यावर बर्फ धरून, टेबलाच्या टोकाला बसली होती. तिने कुणाची माफी मागितली नाही. सरळ सांगितलं, "तुम्ही दिलेलं मला नाही म्हणता आलं नाही, आणि उचलताही आलं नाही. म्हणून चला, आपण मिळून संपवू."

 सगळ्यांना एकदम कळलं होतं की आपण काय केलं. मग नेल्डाने बरणी उचलून उजेडात धरली.

"म्हणजे माझी काकवी तीस मैल हिंडून परत माझ्याच पानात?"

"चाखून बघ," वर्लीन म्हणाली. "डोंगरावरची हवा लागलीय तिला."

"आडवी ठेवली होतीस. झाकण चिकट आहे."

त्यावर सगळे हसले आणि जेवायला लागले. ब्रदर कॉय यांनी बायबल काखेत मारलं आणि म्हणाले, "एक स्तोत्र पाठ करून जा, मिस वर्लीन. त्याला खरंच वजन नाही." नेल्डाचं लक्ष मात्र हार्मनकडे होतं. तो टेबलाशी बसून, खाली बघून, तिसऱ्यांदा वाढून घेत होता. जेवण संपता संपता तिने जाहीर केलं, "ऐका. घरं बारा आहेत. रोज एक घर पौंडभर काहीतरी घेऊन इथं जेवायला येईल. सप्टेंबरपर्यंत. हार्मन, तू नाही म्हणायचं नाहीस. आमच्याकडे शिधा नाकारत नाहीत."

हार्मन नाही म्हणाला नाही.

आठ दिवसांनी सूज उतरली. डॉक्टरने गुडघा दाबून, वाकवून बघितला, एक पट्टा दिला आणि पंधरा पौंडांची अट पुन्हा बजावली. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही बरेच जण ओसरीवर जमलो होतो, सगळे रिकाम्या हाताने, मुद्दाम. पुढच्या चार दिवसांचं खाणं, पाणी आणि गुडघ्याचा पट्टा धरून वर्लीनने सॅक काट्यावर ठेवली. वजन सरकवलं. दांडी बरोबर पंधरावर आडवी राहिली, इकडे नाही की तिकडे नाही.

वर्लीन बुटाची नाडी बांधायला वाकली. ताठ झाली तेव्हा दांडीचं टोक केसभर वर गेलं होतं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.

"काय टाकलंस?" ती वळून म्हणाली.

"कुठं काय?" हार्मन आढ्याकडे बघत होता.

तिने सॅकच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला. बोटांना काहीतरी गुळगुळीत, अजून कोमट लागलं. बकआयची बी. तिने ती तळहातावर घेतली आणि नवऱ्यापुढे धरली.

"हे कुणासाठी?"

हार्मनने आढ्यावरून नजर खाली आणली. "माझ्यासाठी," तो म्हणाला.

वर्लीनने एकदा बीकडे बघितलं, एकदा दांडीकडे. मग बी परत कप्प्यात ठेवली, चेन लावली आणि सॅकमधून आपला टूथब्रश बाहेर काढला.

"लहान करवत कुठंय रे?"

कुणी हसलं नाही, नेल्डासुद्धा नाही. करवत आली. वर्लीनने ब्रश टेबलाच्या कडेवर धरला आणि दांडा अर्ध्यात कापला. उरलेला ब्रश सॅकमध्ये गेला आणि दांडी पुन्हा आडवी झाली. तिने सॅक पाठीवर घेतली, हार्मनच्या गालावर ओठ टेकले आणि कुंपणाशेजारची वाट धरली.

ती झाडांत दिसेनाशी होईपर्यंत हार्मन पायरीवर उभा राहिला. मग खाली वाकून त्याने दांड्याचा कापलेला तुकडा उचलला आणि उजव्या खिशात टाकला.